जुन्या पिकअपचा करंट नेमका कुठे अडतो?

पहाटेचे अडीच वाजलेत. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या हौद्यात लागल्यात, वरून ओलं बारदान टाकून झालंय, उजाडायच्या आत पुण्याचं मार्केट यार्ड गाठायचंय. किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून एकच आवाज आला, ‘टक्’. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, फिरतच नाही. हेडलाइट मात्र लख्ख. अशा वेळी जमलेल्या चार जणांचं एकमत व्हायला वेळ लागत नाही: बॅटरी बसली.

आमच्या पिकअपला असं झालं तेव्हा आम्हीही तेच म्हणालो. नवी बॅटरी टाकली, काही दिवस बरे गेले, मग पुन्हा ‘टक्’. सेल्फ खोलून कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे, घासून झिजणारे तुकडे) बदलले, तरी तेच. दोन बॅटऱ्या आणि सेल्फचं काम एवढा खर्च झाल्यावर एका वयस्कर वायरमनने दहा मिनिटांत दोष दाखवला. इंजिन आणि चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) यांना जोडणारी वीतभर लांबीची, तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी. पट्टी तुटलेली नव्हती. पासिंगच्या आधी एका गॅरेजमध्ये चासीला काळा रंग मारून घेतला होता, आणि ती पट्टी त्या रंगावरच परत कसली होती. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांमधून जेवढी जाईल तेवढ्यावर आमची गाडी इतके महिने चालत होती.

तेव्हापासून मला हा विषय लोकांना नीट सांगावासा वाटतो. ‘शॉर्ट सर्किटमुळे वाहनाला आग’ ही बातमी आपण वारंवार वाचतो, पण शॉर्ट सर्किट म्हणजे काय हे त्या बातमीत क्वचितच असतं. आणि बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ अशा गाड्यांची जुनी मॉडेलं ज्यांच्या दारात आहेत, त्यांच्या खिशाला वायरिंगच्या न समजलेल्या दोषाने जेवढी कात्री लागते तेवढी इंजिनानेही लागत नसेल. या जुन्या डिझेल गाड्यांमध्ये कॉम्प्युटर नाही. जे आहे ते वायर, स्विच, बल्ब, मोटर एवढंच. म्हणजे ते समजण्यासारखं आहे.

आधी रहाटगाडगं डोळ्यासमोर आणा

विहिरीवरच्या रहाटाची माळ आठवा. गाडगी भरून वर येतात, पाणी ओततात आणि रिकामी होऊन खाली जातात. खाली जाणारी बाजू अडकली, तर वर येणारी बाजूही थांबते. माळ एकच आहे. विजेचं अगदी तसंच आहे. बॅटरीच्या प्लसकडून करंट निघतो, बल्बमधून किंवा मोटरमधून जातो, आणि बॅटरीच्या मायनसला परत येतो. परतीची वाट बंद असेल तर जाण्याची वाट कितीही चांगली असून उपयोग नाही.

तीन शब्द एकदाच समजून घेऊ. व्होल्टेज म्हणजे दाब, पाण्याची टाकी जितकी उंच तितका जास्त. करंट म्हणजे प्रत्यक्षात वाहणारा प्रवाह, तो अँपिअरमध्ये मोजतात. आणि रोध म्हणजे वाटेतली अडवणूक, तो ओहममध्ये मोजतात. शाळेच्या विज्ञानात ओहमचा नियम म्हणून जो पाठ केला, तो एवढंच सांगतो की करंटला रोधाने गुणलं की त्या जागी किती व्होल्टेज खर्ची पडलं ते कळतं. पुढचं सगळं या एका गुणाकारावर उभं आहे.

गाडीत आणखी एक सोय केलेली असते. प्रत्येक बल्बला जाणारी आणि येणारी अशा दोन वायरी ओढण्याऐवजी येणारी वाट म्हणून गाडीचं लोखंडच वापरतात. बॅटरीचा मायनस चासीला जोडला, की चासी, केबिन, इंजिन हे सगळं मिळून एक मोठी परतीची वायर बनते. गॅरेजमध्ये यालाच ‘अर्थ’ म्हणतात. घरातल्या अर्थिंगशी याचा संबंध नाही. गाडी रबरी टायरवर उभी आहे, जमिनीत काहीही जात नाही.

गोम इथेच आहे. इंजिन चासीवर सरळ बसवलेलं नसतं, ते रबराच्या माउंटिंगवर असतं. केबिनही रबरावरच असते. रबर वीज अडवतं. म्हणून इंजिनाला चासीशी आणि केबिनला चासीशी जोडणाऱ्या वेगळ्या पट्ट्या द्याव्या लागतात. पंधरा-वीस वर्षांचा चिखल, ऑइल, गंज आणि रंग यांच्याखाली या पट्ट्या गाडल्या जातात, आणि गाडीत त्या आहेत हेच लोक विसरतात.

‘पण लाइट तर लख्ख लागतात!’

हा सगळ्यात पहिला आणि सगळ्यात रास्त प्रश्न. वाट खराब असेल तर लाइट तरी कसे लागतील? आणि मीटर लावला तर बॅटरीवर साडेबारा व्होल्ट दिसतात, मग अडचण कुठे आहे?

उत्तरासाठी शेतातल्या पाइपलाइनकडे या. पाइपमध्ये गाळ साचलाय, जेमतेम करंगळीएवढी वाट उरलीय. व्हॉल्व्ह बंद असताना शेवटच्या टोकाला दाब मोजा, पूर्ण येईल. कारण पाणी वाहतच नाही, मग गाळ अडवणार कोणाला? एक बारीक नळ सोडा, तरी फारसा फरक पडणार नाही. आता पूर्ण व्हॉल्व्ह उघडा. पाणी धड निघणार नाही.

हेच आकड्यांत पाहू. समजा अर्थच्या जोडात एका ओहमचा शंभरावा भाग, म्हणजे ०.०१ ओहम एवढाच रोध आला आहे. ६० वॅटच्या हेडलाइटला साधारण ५ अँपिअर लागतात. ५ गुणिले ०.०१ म्हणजे ०.०५ व्होल्टची घट. डोळ्यांना ती दिसणारच नाही. पण डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो. २५० धरले तर घट होते अडीच व्होल्टची. जोर लावताना बॅटरी स्वतःच साडेदहाच्या आसपास येते, त्यातले अडीच वाटेत गेले, सेल्फला मिळाले आठ. ‘टक्’ होऊन थांबणार नाही तर काय?

आणि ते हरवलेले अडीच व्होल्ट कुठे जातात? त्याच जोडात उष्णता होऊन. २५० अँपिअर गुणिले २.५ व्होल्ट म्हणजे ६२५ वॅट, जवळपास एका छोट्या इस्त्रीएवढी ताकद एका बोल्टच्या डोक्यावर. म्हणून जुने मिस्त्री दोन-चारदा सेल्फ मारल्यावर जोडांवर हात फिरवून बघतात. जो जोड गरम, तो चोर.

आमच्या गाडीत याचा आणखी एक पुरावा डोळ्यांसमोर होता आणि आम्हाला तो वाचता आला नाही. अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलचं वरचं प्लास्टिक एका जागी मऊ पडून वितळल्यासारखं झालं होतं. आम्हाला वाटलं सायलेन्सरची धग लागली असेल. खरं असं होतं, की पट्टीची वाट अडल्यावर सेल्फचा करंट परतीची दुसरी वाट शोधत होता. इंजिन आणि केबिन यांना जोडणारं दुसरं लोखंड म्हणजे ती पातळ केबल, आणि तिच्यातून तो धावत होता. क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल कारण नसताना गरम लागत असेल, तर आधी इंजिनाची अर्थ पट्टी तपासा. केबल बदलून काही होणार नाही, नवीही तशीच जळेल.

तीनशे-चारशे रुपयांचा मीटर आणि एक सोबती

हा दोष पकडायची पद्धत सोपी आहे, आणि एवढी एक शिकलात तरी या लेखाचं चीज झालं असं मी म्हणेन.

डिजिटल मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक वर. इंजिन चालू होऊ नये म्हणून बंद करायची केबल ओढून धरा, किंवा डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडची (डिझेल बंद-चालू करणाऱ्या विजेच्या खटक्याची) वायर काढून बाजूला ठेवा. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर टेकवा. लक्षात घ्या, खुंटावर, त्याला आवळलेल्या क्लॅम्पवर नाही. लाल पिन इंजिनाच्या खरवडलेल्या, चकचकीत धातूवर. आता सोबत्याला किल्ली फिरवायला सांगा आणि त्या तीन-चार सेकंदांत आकडा वाचा.

परतीची वाट चांगली असेल तर आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. आमच्याकडे आला होता २.६. मग लाल पिन एकेक टप्पा मागे आणायची: इंजिनावरून पट्टीच्या चासीकडच्या थिंबलवर (टोकाला बसवलेल्या भोकाच्या पत्रीवर), मग चासीवर, मग बॅटरीच्या केबलच्या टोकावर, मग क्लॅम्पवर. प्रत्येक वेळी किल्ली. ज्या दोन टप्प्यांमध्ये आकडा एकदम पडतो, दोष त्या दोघांच्या मध्ये. आमच्याकडे थिंबलवर २.५ होता आणि चासीवर ०.१. मधे फक्त काळा रंग.

प्लसच्या बाजूलाही हेच. लाल पिन बॅटरीच्या प्लस खुंटावर, काळी सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि किल्ली. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर केबल किंवा जोड खराब. कधी केबल बाहेरून नवीकोरी दिसते, पण थिंबलपाशी कव्हर चिरून पाहिलं की आतलं तांबं काळं-हिरवं पडलेलं असतं. बॅटरीचं ॲसिड आणि पावसाचं पाणी तारांमधून आत झिरपत गेलेलं असतं.

दुरुस्तीला खर्च जवळजवळ नाही. बोल्ट काढा, लोखंड चमकेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, थिंबल घासा, कसा, आणि मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन लावा. आधी धातूला धातू, मग त्यावर रंग किंवा ग्रीस. बॅटरीच्या खुंटांवरची पांढरी-हिरवी भुकटी खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुतली की निघते, फक्त ते पाणी बॅटरीच्या झाकणांमधून आत जाऊ देऊ नका. आणि बॅटरी काढताना नेहमी मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. कारण मायनस जोडलेला असताना प्लस खोलणारा पाना चुकून बॉडीला टेकला, तर सगळा करंट त्या पान्यातून जाईल आणि हात भाजेल.

ब्रेक दाबला की इंडिकेटर का मिणमिणतो?

मागच्या लाइटचे हे चाळे प्रत्येक जुन्या पिकअपवाल्याने पाहिलेत. ब्रेक दाबला की पार्किंग लाइट मंद पेटतो. इंडिकेटर दिला की त्याच्या तालावर दुसराच दिवा लुकलुकतो. लोक म्हणतात, ‘वायरी एकमेकींत गेल्यात’. बहुतेक वेळा तसं काही नसतं.

मागच्या एका दिव्याच्या डब्यातल्या सगळ्या बल्बांना परतीची वाट मिळून एकच असते. ती गंजली की ब्रेकच्या बल्बमधून आलेला करंट चासीवर उतरू शकत नाही. मग तो शेजारच्या पार्किंगच्या बल्बमधून उलटा शिरतो, पार्किंगच्या वायरीने दुसऱ्या बाजूच्या दिव्यापर्यंत जातो आणि तिथल्या चांगल्या अर्थमधून घरी पोचतो. वाटेत जे जे दिवे लागतात ते मंद पेटतात. खात्री करायला एक वायरचा तुकडा घ्या, एक टोक दिव्याच्या अर्थला, दुसरं टोक बॅटरीच्या मायनसला किंवा खरवडलेल्या चासीला. सगळं सुरळीत झालं तर संपूर्ण वायरिंग उसवायची गरज नाही, फक्त तो अर्थ नीट करा.

मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंग असतं, आणि तिथे हे दिवे बघतातच. पण मला पासिंगपेक्षा मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याची काळजी जास्त वाटते. उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेल्या रस्त्यावर, रात्री, पुढच्या पिकअपने ब्रेक मारलाय की नाही हे त्याला दिसलंच पाहिजे.

रात्रीत बॅटरी उतरते, मग बॅटरी खराब नाही का?

असू शकते. आधी आकडे पाहू. बॅटरीत सहा कप्पे, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. गाडी काही तास बंद राहिल्यावर मोजाल तर पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पावच उरलीय. ‘बारा व्होल्टची बॅटरी आहे आणि बारा दाखवतेय, मग ठीकच आहे’ ही समजूत इथेच मोडते. सेल्फ मारताना दाब ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी रिकामी आहे किंवा खरोखर थकली आहे. ती नीट चार्ज करून पुन्हा तसंच आलं, तर मात्र बदला.

संध्याकाळी १२.६ आणि सकाळी १२.१ असेल तर दोन शक्यता: बॅटरी आतून स्वतःच उतरते, किंवा गाडीतलं काहीतरी रात्रभर पितं. ओळखायला एक रात्र मायनस काढून ठेवा. तरीही उतरली तर बॅटरी. न उतरली तर गळती गाडीत आहे.

गळती केवढी असते? हौद्यात लावलेली एलईडी पट्टी, टेपचा ॲम्प्लिफायर, चार्जरचा सॉकेट, असं काहीतरी मिळून अर्धा अँपिअर धरा. दिवसाला १२ अँपिअर-तास गेले. ८० अँपिअर-तासाची बॅटरी तीन-साडेतीन दिवसांत निम्मी. लग्नाच्या गडबडीत गाडी चार दिवस उभी राहिली की ‘अचानक’ बसते, ती अशी. किल्ली बंद असताना जुन्या गाडीत ०.०५ अँपिअरपेक्षा जास्त जायला नको.

शोधायची रीत: किल्ली बंद, दारं बंद, मायनसची केबल काढा आणि केबल व खुंट यांच्यामध्ये ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब जोडा. बल्ब पेटला तर गळती मोठी आहे. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला बल्ब विझला, त्या लाइनवर चोर. सगळे फ्यूज काढूनही पेटतच राहिला तर अल्टरनेटरची (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची) जाड वायर काढून बघा, आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) फुटला की बॅटरी उलटी त्याच्यात उतरत राहते. बारीक गळती बल्ब दाखवत नाही, तिथे मीटर १० अँपिअरवर लावून मोजायचं. पण मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज किंवा मीटरच जागेवर जाईल.

डॅशबोर्डवरचा तो लाल बल्ब

बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा किल्ली लावली की पेटतो आणि इंजिन चालू झालं की विझतो. तो फक्त खबर देतो असं आपण धरून चालतो. पण पुष्कळ जुन्या गाड्यांत त्या बल्बमधून जाणारा चिमूटभर करंटच अल्टरनेटरला जागं करतो. बल्ब उडाला की अल्टरनेटर चार्ज करायला सुरुवातच करत नाही, किंवा इंजिन खूप रेस केल्यावर करतो. काही रुपयांच्या बल्बसाठी आख्खा अल्टरनेटर भंगारात गेलेला मी पाहिला आहे. किल्ली लावल्यावर तो दिवा पेटत नसेल, तर पहिला संशय त्याच्यावर.

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. साडेबाराच राहिले तर चार्जिंग नाही: पट्टा ढिला, कार्बन झिजलेले, किंवा हा बल्ब. १५ च्या वर गेले तर कटआउट (अल्टरनेटरचा दाब आवरणारा भाग) बिघडलाय, बॅटरीचं पाणी सारखं कमी होईल आणि बल्ब उडत राहतील.

एक जुनी परीक्षा अजून सर्रास चालते: इंजिन चालू ठेवून बॅटरीचा टर्मिनल काढायचा, गाडी बंद पडली नाही म्हणजे चार्जिंग चांगलं. कृपा करून हे करू नका. एक तर जुनं डिझेल इंजिन विजेशिवायही चालत राहू शकतं, त्यामुळे परीक्षेला अर्थ नाही. दुसरं, बॅटरी ही अल्टरनेटरच्या समोरची उशी आहे. ती एकदम काढली की दाब क्षणभर कित्येक पट उसळतो आणि डायोड व कटआउट जळू शकतात. अल्टरनेटरच्या आधीच्या जुन्या डायनामोच्या काळात ती सवय खपून गेली, अल्टरनेटरला ती महागात पडते. म्हणूनच चासीला किंवा हौद्याला वेल्डिंग करायच्या आधीही बॅटरी आणि अल्टरनेटरची वायर काढून ठेवायची.

फ्यूज सारखा उडतो, मोठा टाकला तर?

आता आगीकडे येऊ. करंटला बल्ब किंवा मोटर लागण्याआधीच परतीची वाट सापडली, म्हणजे घासलेली वायर थेट चासीला टेकली, की त्याला अडवणारं काही राहत नाही. हे शॉर्ट सर्किट. बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि वायर लाल होते. फ्यूज म्हणजे जाणूनबुजून ठेवलेली कच्ची जागा, रोटाव्हेटरच्या शिअर बोल्टसारखी. दगड लागला की बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तिथे कोणी पोलादी बोल्ट ठोकतं का? मग १० च्या लाल फ्यूजच्या जागी ३० चा हिरवा, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी, का टाकायची? मग फ्यूज वाचतो आणि वायर जळते. फ्यूज उडतोय याचा अर्थ तो त्याचं काम करतोय, दोष पुढे आहे.

आणि एक मोठी लाइन अशी आहे जिला या गाड्यांत बहुधा फ्यूजच नसतो: बॅटरीच्या प्लसपासून सेल्फला जाणारी जाड केबल. ती क्लिपमधून निसटून चासीच्या धारेवर घासत असेल तर तिला वाचवणारं काहीही नाही. आज संध्याकाळी टॉर्च घेऊन फक्त ही एक केबल वरपासून खालपर्यंत पाहा.

दुसरं कारण हेडलाइटचं. मूळ बल्ब ६०/५५ वॅटचे. बाजारात १००/९० चे मिळतात आणि घाटात उजेड हवा म्हणून लोक टाकतात. दोन ६० च्या बल्बांना १० अँपिअर लागायचे, आता जवळजवळ १७ लागतात. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेतीन पट. तीच जुनी वायर, तोच स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच. स्विचचं प्लास्टिक वितळल्याचा वास येतो तो म्हणून. वर गंमत अशी, की पातळ वायरीतच दाब हरवल्यामुळे उजेड अपेक्षेइतका वाढतही नाही.

यावर उपाय रिले. शेतातल्या मोटरीचा स्टार्टर आठवा: हिरवं बटण बोटाने दाबतो, पण मोटरचा करंट बोटाखालून जात नाही, आत जाड पट्ट्या जुळतात त्यातून जातो. रिले तेच करतो. स्विच फक्त इशारा देतो, बल्बचा करंट बॅटरीकडून फ्यूज लावलेल्या जाड वायरीने सरळ जातो. मूळचेच बल्ब ठेवून रिले बसवला तरी कित्येक गाड्यांचा उजेड डोळ्यांना कळण्याइतका वाढतो.

मग एकदाचं सगळं वायरिंगच बदललं तर?

ज्या गाडीत दर वितीवर पिळून टेप गुंडाळलेले जोड आहेत, उंदरांनी वायरी कुरतडल्यात, हॉर्न, पंखा आणि साउंडच्या लाइनी मिळेल तिथून मारल्यात, तिथे हो, नवं हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, घालणं शहाणपणाचं आहे. पण नवं वायरिंग जुन्याच गंजलेल्या अर्थ पॉइंटवर कसलं, तर पैसे गेले आणि दोष राहिला. आधी चारही पॉइंट खरवडा: बॅटरी ते चासी, इंजिन ते चासी, केबिन ते चासी, आणि मागच्या दिव्यांचे. बऱ्याचदा पुढचा खर्च तिथेच टळतो.

टेस्ट लॅम्प (वायरी जोडलेला तपासणीचा बल्ब) चांगला की मीटर, यावर गॅरेजमध्ये वाद होतात. माझ्या मते दोन्ही हवेत. मीटर जवळजवळ करंटच घेत नाही, त्यामुळे एका तारेवर टिकून असलेली वायरही त्याला १२.६ दाखवते. टेस्ट लॅम्प थोडा करंट ओढतो, म्हणून अगदी मोडकळीला आलेली वाट तो उघडी पाडतो. पण ०.०१ ओहमचा चोर लॅम्पला दिसत नाही, तो मीटरने आणि सेल्फ मारतानाच सापडतो.

खड्ड्यात आदळली की बंद आणि पुढच्या गावात आपोआप चालू, असा दोष सगळ्यात छळतो. त्याला घाई चालत नाही. दोष आणणारी परिस्थिती मुद्दाम आणावी लागते: लाइट चालू ठेवून एकेक कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) हलवायचा, वायरींचा झुपका हळूच पिळायचा, डॅशबोर्डच्या मागे बोटांनी ठोकायचं. पावसातच येत असेल तर पाण्याचा हलका फवारा एकेका जागी. कधी झाला, तेव्हा काय काय चालू होतं, हे एका कागदावर लिहून इलेक्ट्रिशियनला द्या. ‘कधीकधी बंद पडते’ यापेक्षा ‘उजव्या वळणावर, वायपर चालू असताना’ हे सांगणं त्याचे तास वाचवतं.

आणि पहाटे अडीचला?

आमच्या गाडीत आता सीटखाली जम्पर केबलची जोडी असते. सेल्फने ‘टक्’ केलं आणि हेडलाइट लख्खच राहिले, तर आम्ही आधी काळ्या केबलचं एक टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर लावतो आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला. दुसरी गाडी लागत नाही, काही खोलावं लागत नाही. सेल्फ फिरला तर दोष अर्थचा, माल पोचवून आल्यावर सावकाश खरवडायचं. नाही फिरला, तर लाल केबल बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड बोल्टला, पण हिला फार जपून: सेल्फचं टोक आधी, बॅटरीचं शेवटी, आणि लोखंडाला कुठेही टेकू न देता. मागच्या पावसाळ्यात एकदा काळी केबल लागली होती. पट्टी पुन्हा गंजली होती. सहा रुपयांचा पॉलिश पेपर लागला.